घरांचा हिशेब कामापासून सुरू करा

वाघोलीच्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलंय : "आमच्या भागाचा विकास आराखडा पुन्हा नव्याने होणार असं ऐकतो. वीस वर्षांनी किती माणसं असतील, किती घरं आणि किती रोजगार लागतील हे नगररचनावाले ठरवतात तरी कसं? आणि हरकती-सूचना मागवतील तेव्हा आम्ही नेमकं काय बघायचं?"

नगररचनेच्या कामात बरीच वर्षं गेल्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण मला जे मुख्य म्हणायचंय ते आधीच सांगतो. आपल्याकडे लोकसंख्येवरून घरं काढतात आणि रोजगाराला अहवालात दोन-चार पानं देऊन मोकळे होतात. खरं तर पुण्यात माणूस येतो तो कामासाठी किंवा कामाच्या आशेने शिकायला. म्हणून आधी काम कुठे, कोणतं आणि किती पगाराचं ते मोजायचं, मग त्या पगारात परवडणारं घर कुठे ते बघायचं. हा क्रम उलटा झाला की आकडे कितीही बरोबर असले तरी शहर चुकतं.

आता आकड्यांकडे येऊ. अहवालात लोकसंख्येचं एक प्रकरण असतं. ॲरिथमेटिक, जॉमेट्रिक, इन्क्रिमेंटल अशा तीन-चार पद्धतींनी अंदाज काढतात आणि पुष्कळदा त्यांची सरासरी घेतात. यातली गंमत पिंपरी-चिंचवडच्या उदाहरणावरून कळेल. २००१च्या जनगणनेत तिथे १०.१२ लाख लोक होते, २०११मध्ये १७.२७ लाख. दर दशकात सात लाखांहून थोडी जास्त भर पडते असं धरलं तर २०३१मध्ये साडेएकतीस लाख होतात. दर दशकात ७० टक्के वाढ धरली तर तेच शहर ५० लाखांच्या जवळ जातं. माहिती तीच, वर्ष तेच, फरक साडेअठरा लाखांच्या आसपास. दोन्ही गणितं बरोबर आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण दोघांनाही चाकणला पुढचा कारखाना येणार की नाही हे माहीत नाही.

त्यात २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७मध्ये आहे. म्हणजे आज जो कुणी पुण्याचा आकडा सांगतो तो २०११वरून ओढत आणलेला असतो. शिवाय २०११ची हद्द वेगळी. तेव्हा पुणे महापालिकेत ३१.२४ लाख लोक होते. नंतर २०१७ला ११ गावं आणि २०२१ला तुमच्या वाघोलीसह २३ गावं आत आली, मग उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर निघाली. एखाद्या तक्त्यात जुना आकडा जुन्या हद्दीचा आणि नवा आकडा नव्या हद्दीचा ठेवून "वाढीचा दर" काढला असेल, तर तो तक्ता तिथेच बाजूला ठेवा.

जनगणना नसताना काय वापरायचं? मतदारयादी चालत नाही, कारण निम्म्या भाडेकरूंचं मत गावाकडेच असतं. मिळकतकराच्या नोंदी बऱ्या, पण समाविष्ट गावांत त्या अपुऱ्या. माझी पसंती वीजजोडांना आहे. मीटर अनधिकृत इमारतीतही असतो, आणि महिन्याचं युनिट बघितलं की घर राहतं आहे की बंद आहे तेही कळतं. शाळांची पटसंख्या जोडीला घेतली की कोणत्या भागात कुटुंबं स्थिरावली आणि कुठे नुसती एकटी पोरं राहतात याचा अंदाज येतो.

लोकसंख्येवरून घरांवर जाताना आणखी एक आकडा आडवा येतो : एका घरात माणसं किती. समजा ४० लाख लोक आहेत. घरटी साडेचार माणसं धरली तर नऊ लाखांना थोडी कमी घरं लागतात. साडेतीन धरली तर साडेअकरा लाखांच्या जवळ. एका माणसाच्या फरकाने अडीच लाख घरं इकडची तिकडे होतात. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत पाहा, तीन खोल्यांत म्हातारी दोघं, मुलं परदेशात. आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा. शहराची सरासरी काढली की ही दोन्ही घरं तक्त्यातून नाहीशी होतात.

राष्ट्रीय पातळीवर हा विरोधाभास जुनाच आहे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १.१ कोटींच्या आसपास घरं रिकामी होती. आणि २०१२मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट मोजली ती १.८८ कोटी. त्यातली सुमारे ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली. म्हणजे "घरं कमी आहेत" या वाक्याला तसा अर्थ नाही. वाघोली-खराडीच्या टॉवरमधले अंधारे मजले आणि तिथेच मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या, हे तुम्ही रोज बघता.

आता कामाकडे. पुण्याने हा धडा एकदा जवळजवळ नीट गिरवला होता. पिंपरीत १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-चिंचवड-आकुर्डीचा पट्टा उभा राहिला. या कामगारांना घरं मिळावीत म्हणून १९७२ला पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण काढलं. कल्पना सरळ होती : कारखाने इथे, तर कामगारांची वसाहत शेजारी, सेक्टर पाडून, रस्ते आधी आखून. आज निगडी प्राधिकरणात फिरलात तर रुंद रस्ते आणि झाडं दिसतील, आणि कारखान्यातल्या कामगाराला कधीच न परवडणारे बंगलेही दिसतील. जमीन संपादन रेंगाळलं, शेतकऱ्यांचे जमीन-परताव्याचे वाद वर्षानुवर्षं चालले, आणि संपादित जमिनीच्या मोठ्या भागावर थेरगाव, रहाटणी, काळेवाडीच्या बाजूला अनधिकृत घरं उठली. ती घरं बांधली कुणी? ज्यांच्यासाठी प्राधिकरण काढलं होतं त्या वर्गानेच, अर्धा-एक गुंठा विकत घेऊन. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याच्या अर्ध्यात खाली दुकान, वर दोन मजले, वरचे भाड्याने. २००१मध्ये राज्याला ही गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून झालेली वस्ती, नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि नंतर त्याची मुदत २०२०च्या अखेरपर्यंत पुढे आणावी लागली. प्राधिकरण २०२१मध्ये विसर्जित झालं. माझ्या मते या भागात परवडणाऱ्या घरांची सगळ्यात मोठी योजना गुंठेवारीच ठरली, फक्त ती कुठल्याही आराखड्यात नव्हती.

रोजगाराचा अंदाज काढायची रीत अशी : एकूण लोकांपैकी काम करणारे किती, त्यातले कारखानदारी, बांधकाम, आयटी, व्यापार, सरकारी, घरकाम अशा कोणत्या क्षेत्रात, आणि प्रत्येक क्षेत्राला दर माणशी जागा किती. यातलं शेवटचं फार मोलाचं आहे. आयटीत दर खुर्चीमागे शंभर चौरस फुटांच्या आसपास धरतात. दहा लाख चौरस फुटांची एक इमारत म्हणजे दहा हजार माणसं, एकाच फाटकातून, जवळपास एकाच वेळी. तेवढ्याच जागेत भोसरीच्या गाळ्यांत काम करणारे कितीतरी कमी असतात, पण त्यांच्या मागे जॉबवर्क करणारे, टेम्पोवाले, हत्यारं घासून देणारे अशी साखळी असते. आराखड्यात दोन्ही जागा वेगवेगळ्या रंगांत रंगवल्या जातात; त्यातून रस्त्यावर किती माणूस उतरेल हे रंग सांगत नाही.

आणि याच ठिकाणी पुण्याची एक चोरवाट आहे, तिला आमच्याकडे "आय टू आर" म्हणतात. म्हणजे औद्योगिक जमीन निवासी करून घेणं. शहर वाढलं, जमिनीचा भाव कारखाना चालवण्यापेक्षा जास्त झाला, मालकाने शेड पाडून टॉवर उभे केले. कायद्याने हे चालतं, काही भाग सुविधांसाठी सोडावा लागतो. पिंपरी-चिंचवड, मुंढवा, हडपसर, कोथरूड, सगळीकडे हे झालं. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण हिशेबाची गंमत पाहा : प्रत्येक रूपांतरात हजार घरं वाढल्याची नोंद होते, गेलेले पाचशे रोजगार मात्र कुठल्याच रजिस्टरात वजा होत नाहीत. ते कामगार चाकण, रांजणगाव, तळेगावला जातात आणि त्यांचा रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरने वाढतो. उद्या हरकत लिहायला बसलात तर हा मुद्दा पहिला लिहा : तुमच्या नियोजन विभागातली किती औद्योगिक जमीन गेल्या वीस वर्षांत निवासी झाली आणि बदल्यात रोजगाराची जागा कुठे दिली, याचा तक्ता मागा. बहुतेक तो नसतो. नसणं हीच हरकत.

भाड्याच्या घरांबद्दल आराखडे जवळपास मुके असतात. चाकणच्या आसपास, महाळुंगे-खराबवाडीच्या बाजूला, कंत्राटी कामगार एका खोलीत चौघं-सहाजण पाळी वाटून राहतात. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या असलेल्या बिगाऱ्याला घर विकत घ्यायचंच नसतं. त्याला दिवाळीपर्यंत एक खोली हवी असते. सरकारी योजना मात्र मालकीचं घर गृहीत धरते. सध्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी डिसेंबर २०२०ला आली, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर २० टक्के छोटी घरं, ३० ते ५० चौरस मीटरची, ठेवून म्हाडाच्या सोडतीतून द्यायची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. ज्याच्याकडे पगारपत्रक आहे, त्याला कर्ज मिळतं आणि घरही. ज्याचा पगार ठेकेदाराकडून रोखीने येतो, तो सोडतीत नाव लागूनही अडतो. म्हणून मी म्हणतो की औद्योगिक क्षेत्राच्या आराखड्यात कामगारांची भाड्याची वसतिगृहं हे शाळा-दवाखान्यासारखं आरक्षण असायला हवं, नकाशावर, सर्व्हे नंबरसकट.

"घराजवळ काम" हे सूत्र सगळ्यांना आवडतं आणि मगरपट्ट्याचं नाव निघतं. ते योग्यच आहे. हडपसरच्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, ती विकून मोकळं होण्याऐवजी स्वतःच वसवली, आणि आत आयटी, शाळा, घरं एकाच आखणीत बसवली. जमीनमालकाला भागीदार करण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण देशात फार नाही. पण आतल्या कार्यालयात झाडू मारणारी बाई आतल्या घरात राहू शकत नाही, आणि आत राहणारे पुष्कळजण रोज फाटकाबाहेर हिंजवडीला जातात. कारण साधं आहे : नवरा हिंजवडीत, बायको खराडीत. दोन पगार, दोन दिशा. कर्ज वीस वर्षांचं आणि नोकरी तीन वर्षांत बदलते. अशा कुटुंबाचं घर कुठेही ठेवा, एकजण लांब जाणारच. म्हणून कामाशेजारी घर हे मजूर, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका, पाळीतले कामगार यांच्यासाठी आग्रहाने मागावं. नोकरदार जोडप्यांसाठी बस आणि मेट्रोच खरी. मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम) देण्याचं धोरण त्यासाठीच आहे. मात्र त्या वाढीव बांधकामात मोठे फ्लॅट आणि दोन-दोन गाड्यांचं पार्किंग आलं तर मेट्रोने जाणारा माणूस तिथे राहायला येणार कसा, हे कुणी विचारत नाही.

हिंजवडीचंच बघा. जमीन आणि आतले रस्ते एमआयडीसीचे, गाव ग्रामपंचायतीचं, शिवाजीनगरपर्यंतची २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), बस पीएमपीची, आणि तिथे काम करणाऱ्यांची घरं वाकड-पुनावळेत म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेत, किंवा बाणेर-बालेवाडीत म्हणजे पुणे महापालिकेत. रोजगार एकाच्या हद्दीत, कर दुसऱ्याला, कोंडी तिसऱ्याच्या रस्त्यावर. पीएमआरडीए २०१५ला स्थापन झाली ती ही मोट बांधण्यासाठी. तिचा प्रारूप आराखडा २०२१मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५मध्ये सरकारने तो रद्द केला. दरम्यान परवानग्या थांबल्या नाहीत, थांबतही नाहीत.

उशीर हा नियोजनातला सगळ्यात महाग घटक आहे आणि कुठल्याही खर्चपत्रकात तो नसतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७साठी होता. मंजूर झाला जानेवारी २०१७मध्ये. वीस वर्षांतली जवळजवळ दहा गेली होती. हरकतीच ऐंशी हजारांवर आल्या होत्या. त्याआधीचा आराखडा १९८७चा. त्यात आयटीचा मागमूस नव्हता आणि असणं शक्यही नव्हतं. हिंजवडीचं पार्क नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याही मागे जा, १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठची हजारो कुटुंबं लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगरकडे सरकली. शहराची दिशाच एका दिवसात बदलली. म्हणून मी एका आकड्याचा आराखडा मानत नाही. कमी, मध्यम, जास्त असे तीन आकडे हवेत, दर पाच वर्षांनी तपासलेले, आणि कोणत्या आकड्याला कोणता रस्ता, कोणती जलवाहिनी सुरू करायची ते आधी लिहिलेलं.

पाण्याचं एक गणित करून दाखवतो, कारण तुमच्याकडे टँकर येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर आहे आणि त्यातूनच दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीलाही पाणी जातं. दरडोई १३५ लिटर या निकषाने ४० लाख लोकांना वर्षाला सात टीएमसी लागतं. वाटेत एक तृतीयांश गळती धरली तर साडेदहा. म्हणजे गळती थांबवली तर वीस लाख माणसांचं पाणी नवं धरण न बांधता मिळतं. पण समाविष्ट गावांत प्रश्न धरणाचा नसून नळाचा आहे : इमारतीला परवानगी मिळते, बिल्डर पाण्याचं हमीपत्र देतो, तो प्रकल्प पुरा करून निघून जातो आणि हमी तुमच्या सोसायटीच्या गळ्यात येते. आराखड्यात घरांची क्षमता आणि जलवाहिनीचं वर्ष एकाच तक्त्यात मागा.

आता हरकतींचं. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी द्यायच्या, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स देऊ नका, समिती त्यांचा एकच मुद्दा करते. प्रत्येक हरकतीत सर्व्हे नंबर, काय चुकलं, आणि त्याऐवजी काय हवं, हे तिन्ही असलं पाहिजे. "रस्ता नको" एवढंच म्हटलं की हरकत तिथेच संपते. "हा रस्ता नाल्याच्या बाजूने वळवा" म्हटलं तर अधिकारी नकाशा उघडतो. विद्यमान जमीनवापराचा नकाशा आधी तपासा. जिथे इमारती उभ्या आहेत तिथे शेत दाखवलेलं असतं, आणि पुढची सगळी गणितं त्या शेतावर चालतात. तारखेचे फोटो जोडा. अहवाल मागून घ्या, नुसत्या नकाशावर समाधान मानू नका. हद्द कोणती धरली, घरटी माणसं किती, रोजगार कुठल्या आधारावर, हे अहवालातच असतं.

आरक्षणांचा एक धोका लक्षात ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदी-सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. त्यामुळे शंभर आरक्षणं टाकणारा आराखडा उदार दिसतो, पण पैसा वीस आरक्षणांचाच असतो. मला विचाराल तर कमी आरक्षणं आणि जास्त नगररचना योजना. एरंडवणे, प्रभात रस्ता, शिवाजीनगरच्या पत्त्यांत अजूनही "फायनल प्लॉट क्रमांक" लिहितात तो याच योजनांचा वारसा. सगळ्यांची जमीन एकत्र घ्यायची, रस्ते-उद्यानं-छोट्या घरांची जागा काढायची, उरलेली आकाराने लहान पण रस्त्याला लागलेली जमीन प्रत्येकाला परत द्यायची. म्हाळुंगे-माण भागात पीएमआरडीएने हे हाती घेतलं. वेळखाऊ आहे, पण जमीन भांडणाशिवाय मिळते आणि कुणा एकाच्याच वाट्याला आरक्षण येत नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे सुटलो असं समजू नका. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करता येतात आणि त्याच्या नोटिसा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात. उद्योगाची जागा निवासी झाली, शाळेचं मैदान वाहनतळ झालं, हे बहुतेक या वाटेने. त्या नोटिसा दर आठवड्याला वाचायचं काम तुमच्या सोसायट्यांपैकी एकाने अंगावर घ्यावं, शक्यतो निवृत्त माणसाने. त्याला वेळही असतो आणि पत्र लिहायची हौसही.